नारळ फुटल्यावर

आमच्या घरात बोलायच्या गोष्टी पुष्कळ होत्या आणि न बोलायची एकच. होडीवर नारळ फुटला, गाऱ्हाणं घालून झालं, की मग तिच्यात खोट काढायची नाही. त्याआधी काय ते बोला. फळी वाकडी आहे, खिळा ढिला आहे, शीड आखूड आहे, खुशाल बोला. बाबा चार शिव्या घालून का होईना, पण दुरुस्त करत. नारळ फुटल्यावर मात्र होडी देवाच्या हवाली झाली. तिला नावं ठेवणं म्हणजे देवाला नावं ठेवणं, आणि आमचे देव तसे तापटच. बाबा होड्या बांधायचे आणि एरवी मासेमारीला जायचे. वाडीतल्या निम्म्या होड्या त्यांच्या हातच्या, त्यामुळे हा नियम आमच्याकडे इतरांपेक्षा जरा जास्तच कडक होता.

त्या नियमाचा पुरावा आमच्या स्वयंपाकघरातच वावरत असे. काकी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काकाची नवी होडी पाण्यात लोटायची होती त्या दिवशी, नारळ फुटून खोबरं वाटून झाल्यावर, ती सहज बोलून गेली होती, "ती कडेची फळी माका बरी दिसणा नाय." तीन महिन्यांनी काका वाऱ्यात सापडला आणि होडी काही परत आली नाही. फळीनं बुडाली की वाऱ्यानं, हे बघायला कोण गेलं होतं? पण वाडीतल्या बायकांनी, तिनंच नवऱ्याला खाल्लं असा निकाल देऊन टाकला, "बायलेच्या जिभेन घोव खाल्ल्यान." मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. मला आठवते ती त्यानंतरची काकी, दिवसभरात दहा शब्दही न बोलणारी. मासे कापायचे, खारवायचे, सुकत घालायचे, हे तिचं काम. मिठाच्या पाण्यात राहून तिची बोटं सुजून जाड झाली होती. बाबा पूर्वी तिला 'वयनी, वयनी' करत तिच्या हातची सोलकढी मागून प्यायचे म्हणे. त्या दिवसानंतर त्यांनी तिला एकदाही हाक मारली नाही. पाणी हवं असलं तरी ते भिंतीला सांगायचे आणि काकी आणून ठेवायची.

मी भित्री मुलगी होते. हे लिहायला आता लाज वाटत नाही, सत्तरी उलटल्यावर माणूस कशाकशाची लाज धरणार! मला समुद्राची भीती वाटे, वाऱ्याची वाटे, बाबांच्या खाकरण्याचीही वाटे. पण सगळ्यांत जास्त भीती फटीची. त्याला कारण माझं काम. होडीच्या दोन फळ्यांमधल्या सांदीत मोरी माशाच्या तेलात आणि राळेत भिजवलेला कापूस ठासून भरावा लागतो. अवघड सांदीत मोठ्यांची बोटं जात नाहीत. बायकांनी होडीला हात लावू नये असं म्हणत, पण न्हाण न आलेली मुलगी ही बाई नव्हे, असा एक सोयीचा नियम बाबांनी काढला आणि मला त्या कामाला लावलं. भरून झालं की ते होडी उपडी घालून मला घेऊन खाली शिरत. आत मिट्ट काळोख असायला हवा. उजेडाचा एक ठिपका जरी दिसला तरी त्यावर बोट ठेवून म्हणत, "कुंदा, ह्या बघ. हयसून मरण येता." मी त्या ठिपक्यात कापूस कोंबायची आणि मरण बंद करून टाकायची. मरण असं बोटानं बंद करता येतं यावर माझा पूर्ण विश्वास होता.

परवा माझ्या नातवानं मोबाइलवर परदेशातला एक खेळ दाखवला. जुन्या मोटारी घेऊन माणसं मैदानात उतरतात आणि एकमेकांवर आपटतात. शेवटी ज्याची मोटार हलती राहील तो जिंकला. "आजी, हे लोक बघ किती वेडे आहेत!" म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, हा वेडेपणा आमच्या देवळाखालच्या मळ्यात झालेला आहे आणि त्यात तुझ्या आजीचा थोरला भाऊ होता. त्याला ते खरं वाटलं नाही. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

मी दहा वर्षांची होते त्या वर्षी कापणी झाल्यावर घाटावरचा एक खेळवाला आमच्या जत्रेच्या तयारीला आला. त्याच्याकडे दोन मोडक्या मोटारी होत्या, पुढे रेल्वेच्या रुळाचे तुकडे बसवलेल्या. जत्रेत त्या एकमेकींवर आपटायच्या, हा त्याचा खेळ. पण नुसत्या दोनच गाड्या बघून लोक कंटाळत असावेत. म्हणून तो गावोगाव आव्हान द्यायचा: तुमची मोटार आणा, तुमचा माणूस बसवा, शेवटपर्यंत हलती राहिली तर बक्षीस. आणि बक्षीस म्हणून त्यानं लाकडाच्या खोक्यातलं एक डिझेल इंजिन मांडून ठेवलं होतं. ते बघायला माझा थोरला भाऊ, वसंतदादा, तीनदा जाऊन आला. दादा बावीस वर्षांचा. फोंडाघाटाच्या लॉरीवर आधी क्लीनर म्हणून लागला आणि मग गाडी चालवायला शिकला. मालवणच्या बंदरात त्यानं मशीनवर चालणारी होडी पाहिली होती आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. जेवताना ताटातली पेज निवून जायची. "काकाच्या होडयेक मशीन असता तर काका वाऱ्याआधी घराक पावलो असतो," एवढं एकच वाक्य तो पुन्हापुन्हा बोलायचा. काकी चुलीपाशी बसून ते ऐकायची.

मोटार मिळाली मसुऱ्याला. एका बागायतदाराच्या काजूच्या बागेत वडिलांच्या वेळची काळी मोटार पडून होती आणि तिच्या मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालत. बाबांनी त्याच्या पडवीचं छप्पर नवं करून द्यायचं आणि त्या बदल्यात मोटार न्यायची, असं ठरलं. बैलांची जोडी लावून ती आणली. वाटेतल्या प्रत्येक घरातून माणसं बाहेर आली. बैल दमले की दादा आत बसल्याबसल्या तोंडानं भोंगा वाजवायचा आणि पोरं खिदळायची. अंगणात आली तेव्हा एक कोंबडी आतच होती. ती उतरायला तयार होईना, तशी आई म्हणाली, "रवांदे तिका, तीच एक शाणी आसा." आईचा या प्रकाराला विरोध होता आणि तो ती असाच बोलून दाखवायची. मी मात्र मोटारीकडे बघितलं आणि आईच्या मागे सरकले. तिचे दिवे फुटलेले होते आणि पुढची जाळी तोंड वासल्यासारखी उघडी होती.

बाबांना मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आपल्या पोराला कुणी धडक देणार म्हटल्यावर धडक कशी सोसायची हे त्यांना ठाऊक होतं, लाटेची धडक त्यांनी जन्मभर सोसलेली. त्यांनी मोटारीला होडी समजून हात घातला. काचा काढून तिथे फळ्या ठोकल्या, पुढे बघायला तेवढा हातभर झरोका ठेवला. दारं बोल्टांनी कायमची बंद केली आणि वरून काथ्याच्या दोरानं आवळली. आतून ऐनाच्या वाकड्या फांद्यांच्या फासळ्या बसवल्या, होडीला बसवतात तशाच, चार बोटांच्या अंतरानं. खाली लांबलचक लाकूड घातलं, होडीच्या कण्यासारखं, आणि ते पुढे इतकं बाहेर काढलं की मोटारीला नाक फुटलं. दिवसभर अंगणात वाकसाचे घाव, रंध्याची कुरकुर आणि दुपारी तळलेल्या बांगड्यांचा वास. छपराशी येऊन मात्र ते अडले. दारं बंद, वर छप्पर. दोन दिवस नुसते फेऱ्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी करवत घेऊन वर चढले आणि माणूस जाईल एवढं भोक कापून खाली उतरले. "झाकललेल्या होडयेत मीया झिलाक बसवचय नाय," म्हणाले. मुलाला बंद होडीत न बसवायच्या त्या एका हट्टानं पुढे काय वाचवलं ते आम्हाला मागाहून कळलं.

यंत्राचं काम बांद्याहून आलेल्या पेद्रू फिटरकडे होतं. हा साठीचा, बुटका, गळ्यात क्रूस आणि कानावर विडी. आमच्या ओटीवर आठवडाभर राहिला. आईच्या हातचं सुकटीचं कालवण खायचा आणि दरवेळी 'बाय, गोंयांतसुद्दां असला मेळचा ना' म्हणायचा, त्यामुळे आईचा विरोध थोडा मवाळ झाला. त्यानं इंजिन चालू केलं तेव्हा असा काही आवाज झाला की कोंबडी एकदाची उतरली. बाबांच्या फासळ्या बघून तो मान हलवायचा. "मेस्तांनू, ही गाडी न्हय, ही पडाव," म्हणायचा. गाडीला होडी म्हटल्यामुळे बाबांना ती स्तुती वाटली.

आता माझा भाग. दुपारी जेवून सगळे आडवे झाले की मी भोकातून मोटारीत उतरायची. मला तिथे बसून भीतीचा अंदाज घ्यायचा होता, दुसरं काही नाही. बसले आणि बघते तर सगळीकडे उजेड. तळाच्या पत्र्यातून ठिपके, फळ्यांच्या सांध्यांतून रेघा, दादाच्या पायांपाशी, इंजिनाच्या आणि बसायच्या जागेच्या मधल्या पत्र्यात तर अख्खी बोटभर फट. हयसून मरण येता. मला वाटलं, बाबा विसरले. मोटार पाण्यात जायची नाही हे मला कळत नव्हतं असं नाही, तेवढी खुळी मी नव्हते. पण भीती कळण्याच्या खालून चालते. माझा भाऊ ज्यात बसणार त्यात एकही ठिपका राहता कामा नये, बस्स. तीन दुपारी मी तेलातला कापूस आणि राळ घेऊन आत उतरले आणि एकेक फट ठासून भरली. पायांपाशी आत खोलवर, जिथे माझं करंगळीचं पेर जेमतेम जात होतं, तिथे सगळ्यांत जास्त. वास कुणाला आला नाही. आमच्या घराला, कपड्यांना, केसांना मोरीच्या तेलाचाच वास असे. तिसऱ्या दुपारी आत मिट्ट काळोख झाला, छपराच्या भोकातला आणि पुढच्या झरोक्यातला उजेड सोडून, आणि मला फार दिवसांनी बरं वाटलं. कुणाला सांगितलं मात्र नाही. मरण बंद केल्याचं बोलून दाखवलं तर ते पुन्हा उघडेल, असं काहीसं मनात होतं.

जत्रेच्या दोन दिवस आधी नारळ फुटला. बाबांनी मोटारीच्या नाकावर हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, रवळनाथा, आज जो काय ह्यो लेकरांनी घाट घातलेलो आसा, तो तुझ्या पदरात घे. काय चुकला-माकला आसात ता माफ कर, वाकडी नदर आसात ती बाजूक कर, माज्या झिलाक हाता-पायान धड घराक आण." जमलेल्या माणसांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. नारळ एका घावात फुटला, पाणी नाकावरून ओघळलं. सगळे खूश.

आणि त्यानंतर पेद्रूनं पेट्रोलचा डबा आणला. जुनी टाकी काढून टाकलेली. हा लहान डबा सीटच्या मागे बांधायचा, अगदी शेवटाला. तो बांधताबांधता दादाला म्हणाला, "आयक वसंता. धडकीक भिया नाका, तुज्या बापायन किल्लो बांदला. आगीक भी. आत तेलाची चिंधी, कापूस, काथ्यो, कायच दवरू नाका. ह्या पत्र्याच्या पलतडी इंजिन तापून लाल जाता. थय तेल लागला काय खेळ सोपलो." दादा हसून म्हणाला, "आत फक्त माझी हाडां आसत." मी अंगणाच्या कडेला खोबरं खात उभी होते. हातातलं खोबरं मी कोंबडीला टाकून दिलं.

ते दोन दिवस फार वाईट गेले. सांगायला तोंड उघडायची आणि समोर काकी दिसायची, पाठमोरी, मासे कापणारी. नारळ फुटला होता. आता मोटारीत खोट आहे असं मी बोलले आणि दादाला काही झालं, तर जन्मभर मीही काकीसारखी. बायलेच्या जिभेन घोव खाल्ल्यान, आणि कुंदाच्या जिभेन भाऊस. बोलले नाही तर? तर तो जळणार. बोललं तरी मरण, न बोललं तरी मरण, आणि दोन्ही माझ्या बोटांनी भरलेलं. एकदा वाटलं, गुपचूप जाऊन काढून टाकावं. पण मोटार त्याच संध्याकाळी मळ्यात नेली होती आणि खेळवाल्याचा माणूस तिच्यापाशी राखणीला बसवला होता. आई म्हणाली, चेडवाक ताप इलो काय गो? मी म्हटलं, व्हय. ते काही खोटं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी विहिरीपाशी काकी तिसऱ्या, म्हणजे शिंपले, धूत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. तिच्याकडे का गेले? बहुतेक ती कुणाला सांगणार नाही म्हणूनच. भीती वाटणारी माणसं अशीच असतात, सांगितल्याचं पुण्यही हवं आणि काही घडायलाही नको. काकीनं हात थांबवले नाहीत. तिसऱ्या खळखळ धुवत राहिली. मग म्हणाली, "बापाशीक सांग."

"नारळ फुटललो," मी म्हटलं.

त्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मग तिसऱ्या घेऊन आत निघून गेली. मला वाटलं, झालं, हीसुद्धा गप्प बसली.

मळ्यात वाळूच्या गोणी रचून गोल केलेला आणि बाहेरून दोर. देवळाकडून ढोल, इकडे खेळवाल्याचा कर्णा, खाज्याच्या पाकाचा वास, माणूसच माणूस. मी आईचा पदर हातात घट्ट धरून दोराला चिकटून उभी. खेळवाल्याच्या दोन गाड्या गुरगुरत होत्या. दादा भोकातून आत उतरला, वर हात करून सगळ्यांना हलवून दाखवला, लोकांनी आरोळी ठोकली. तेवढ्यात पलीकडच्या बाजूला दोर उचलला गेला. काकी. जत्रेला कधी न येणारी, कपाळ मोकळं असलेली काकी, दोराखालून वाकून गोलात शिरली आणि सरळ मोटारीच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली.

"थांबवा," म्हणाली. आवाज फाटलेला होता, वापरात नव्हता ना. "गाडयेत कापूस आसा, तेलातलो. मीया भरलंय. आधी तो काडा."

कर्णा बंद पडला. गर्दीतली एक बाई स्पष्ट म्हणाली, "परत बोललाच गो ह्या!" बाबा गोलाच्या मधोमध दगडासारखे उभे. पेद्रू मात्र धावला. 'जेजू' म्हणत भोकातून डोकं खाली घालून आत गेला आणि मुठीमुठीनं काळा चिकट कापूस बाहेर फेकू लागला. बाबांनी त्यातली एक मूठ उचलली. तिच्याकडे बघितलं, मग काकीच्या हातांकडे बघितलं, आणि मग गर्दीतून नेमकं माझ्याकडे. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्यांनी मान फिरवली.

पेद्रू वर आला. "दिसता तितको काडलो. आनीक आसा?" त्यानं काकीला विचारलं.

काकीला काय ठाऊक? तिनं माझ्याकडे बघितलं. पायांपाशीच्या त्या खोल फटीतला कापूस बाहेरून दिसणारा नव्हता. पेद्रूचं बोट तिथे पोचणारं नव्हतं. माझं पोचलं असतं. दोराखालून वाकायचं, दहा पावलं जायचं आणि करंगळी घालून तो ओढून काढायचा, एवढंच. मी खाली बघितलं. आईचा पदर आणखी घट्ट धरला. साऱ्या गावासमोर नारळानंतर तोंड उघडायचं धाडस माझ्यात नव्हतं. काकी म्हणाली, "नाय." तिनं माझ्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवला. आयुष्यात मला लाज वाटावी असं पुष्कळ हातून घडलं, पण त्या 'नाय'इतकं दुसरं काही नाही.

मग खेळ सुरू झाला. पहिली धडक बाजूनं बसली, ऐनाच्या फासळ्या करकरल्या आणि तशाच राहिल्या. लोक नाचायला लागले. दादानं मोटार मागे घेतली आणि बाबांनी बसवलेलं ते लाकडी नाक खेळवाल्याच्या एका गाडीच्या कुशीत घातलं; तिच्यातून फसफसून वाफ निघाली आणि ती बंद पडली. माणसं माझ्या भावाचं नाव घेऊन ओरडत होती. मी फक्त त्याचे पाय कुठे असतील ते मनात बघत होते. दुसऱ्या गाडीशी समोरासमोर दोनदा धडक झाली. तिसऱ्यांदा ती आदळली तेव्हा आमच्या मोटारीच्या खालून निळा धूर आला, पातळ, होडीला राळ तापवताना येतो तसा. तो धूर ओळखणारी त्या गर्दीत दोनच माणसं होती. बाबा पळत सुटले.

आत भडका झाला तेव्हा दादानं आधी डाव्या हातानं पायांपाशीचा जाळ दाबायचा प्रयत्न केला, त्याला मोटार थांबवायची नव्हती. मग भोकातून वर आला. अर्धा आला आणि अडकला. बाबांनी बॉनेटवर चढून त्याला काखेत धरून उपसला, आणि दोघं पलीकडे चिखलात पडले. पेट्रोलच्या डब्यावर पेद्रूनं गोणी फोडून वाळू ओतली. दादाच्या भुवया गेल्या होत्या आणि डावा हात मनगटापर्यंत असा झाला होता की आईनं तो पदरानं झाकून टाकला. मी रडले नाही. रडण्याचाही मला हक्क नाही असं वाटलं.

तीन महिने तो हात मालवणच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊन बरा झाला, दोन बोटं मात्र एकमेकांना चिकटून राहिली. इंजिन अर्थातच मिळालं नाही. वाडीनं आपला जुना निकाल नव्यानं दिला: काकी बोलली आणि झालं. पेद्रू मात्र जाईल तिथे सांगायचा, ती बाय उलयली नसती जाल्यार चेडो आतच राख जातलो. लोक दोन्ही ऐकत आणि आपल्याला रुचेल ते घेत. काकी दादाला पेज भरवायची. तिच्या वाटणीचे दहा शब्द होते, तेही तिनं दादाला देऊन टाकले होते बहुतेक; जेवलंस? दुखता? जरा झोप. मी उंबऱ्यातून बघायची आणि आत जात नसे. आणि गंमत बघा, पावसाळ्यात पेद्रू आला आणि जळक्या मोटारीचं इंजिन उघडून म्हणाला, "हा काय वायट ना, होडयेक लागता." घरात जे होतं तेच होडीला चालणार होतं. आमच्या घराला एकदा हात पोळल्याशिवाय काही सुचतच नाही.

नारळी पौर्णिमेला त्या इंजिनाची नवी होडी तयार झाली. फळ्यांची कामं बाबांनी केली, सांदी भरायला या वेळी त्यांनी मला बोलावलं नाही आणि मी विचारलंही नाही. किनाऱ्यावर वाडी जमली. गाऱ्हाणं झालं, व्हय म्हाराजा झालं, नारळ फुटला. खोबरं वाटायला आईनं ताट उचललं आणि बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. मग ते वळून, सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या काकीकडे बघून म्हणाले, "वयनी, हय येवा. खंय खोट दिसता काय ती बघा."

एक म्हातारा "मेस्ता, नारळ फुटलो मरे" असं पुटपुटला. बाबा म्हणाले, "फुटांदे." काकी पुढे आली. होडीभोवती सावकाश फिरली, जाड बोटं फळ्यांवरून फिरवत. इंजिनापासून लांब, पुढच्या टोकाशी थांबली आणि म्हणाली, "हय एक सांद मोकळी आसा. माझा बोट जाणा नाय." एवढं बोलून तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी पुन्हा खाली मान घातली असती.

"गाडयेत कापूस काकीन भरूक नाय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "मीया भरललंय. पायाकडे अजून होतो, ता माका ठावक होता. मीया गप रवलंय."

दादा होडीला टेकून उभा होता. त्यानं आपल्या चिकटलेल्या बोटांकडे बघितलं. सगळे बाबांकडे बघत होते. मी मार खायच्या तयारीनं डोळे मिटले.

"माका ठावक आसा," बाबा म्हणाले. "वयनीची बोटां तसल्या फटीत जातत खंय? कापूस हातात घेतलंय तेवाच कळला तो कोणी भरलो तो. आणि तू खंय खंय भरतस, ता पण मीयाच तुका शिकयलंय."

मी डोळे उघडले. "मगे तुमी कित्याक बोललास नाय, बाबा?"

वादळात होडी हाकणाऱ्या त्या माणसानं होडीच्या कडेला हात टेकला.

"नारळ फुटललो," ते म्हणाले.

मग खाली वाकून त्यांनी तेलातला कापूस उचलला आणि माझ्या हातावर ठेवला.